पिवळ्या कागदाचं वजन

कसबा पेठेत अकबरभाईंना सलाम केला की ते आधी तुमच्या हातातल्या पिशवीकडे बघतात, मग तुमच्याकडे. पिशवी दिसायला भरलेली आणि खांदा मात्र वाकलेला नाही, म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे त्यांना तुमच्याआधी कळतं. आधार कार्डावर नाव अकबर शेख, पेठेत अकबरभाई काटेवाले. धंदा वजनकाटे दुरुस्तीचा. आजोबांनी दांडीचे तराजू नीट केले, वडिलांनी मार्केट यार्डातले पोती तोलायचे लोखंडी काटे, आणि अकबरभाईंच्या वाट्याला लाल आकड्यांची इलेक्ट्रॉनिक खोकी आली. तरी दुकानाच्या मधोमध आजोबांचा पितळी तराजू अजून टांगलेला असतो. कुणी विचारलं, "शोभेला ठेवलाय का?" तर म्हणतात, "शोभेची वस्तू खोटं बोलते. हा बोलत नाही."

जो माणूस दिवसभर वजनाच्या पोटातून पोखरलेलं शिसं, पारड्याखाली चिकटवलेला चिंचेचा गोळा आणि खोक्याआड दडवलेलं चुंबक शोधत बसतो, त्याचा जगावर किती विश्वास उरणार? भाच्याच्या लग्नात सगळ्यांना खजुराचा डबा मिळाला, तर अकबरभाईंनी नवऱ्यामुलाच्या बापासमोर तो हातात तोलला आणि म्हणाले, "अर्धा किलो लिहिलंय. डब्यासकट असेल." त्यांची बायको जैनब म्हणते, "भाजी आणायला मी एकटी जाते. हे सोबत आले की ती खरेदी नसते, धाड असते."

पण या संशयालाही शिस्त होती, आणि ती वडिलांनी लावलेली. दांडीचा तराजू रिकामा असताना सरळ उभा राहिला म्हणून खरा मानायचा नाही. लबाड माणूस दांडीची एक बाजू लांब ठेवतो आणि पारडी कमीजास्त करून काटा मधोमध आणतो. म्हणून एकदा तोलून झालं की उलटापालट करायची. मालाच्या जागी वजन, वजनाच्या जागी माल. तरीही काटा जागचा हलला नाही, तरच तो खरा. आणि दुसरं म्हणजे तराजू जर दोस्ताचा असेल, तर काटा आपण वाचायचा नाही. दुसऱ्याला वाचायला सांगायचं. "दोस्तीत डोळा तिरका होतो," असं वडील म्हणायचे.

अशा घरात आलिमा जन्मली, एकुलती एक. नाव आजीने ठेवलं. अर्थ विदुषी. सहावीत गेल्यावर वर्गातल्या एका पोराला हा अर्थ कुठून तरी कळला आणि त्याने तो वर्गभर वाटला. कारण आलिमाला वाचता येत नव्हतं. म्हणजे अगदीच येत नव्हतं असं नाही. गणितं तोंडी सोडवायची, एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगायची, दुकानात बापाच्या आधी काट्याचा बिघाड ओळखायची. पण पुस्तकात जोडाक्षर दिसलं की लक्ष्मी रोड ओलांडायला उभ्या असलेल्या माणसासारखी कडेला थांबायची. बाकीची मुलं पलीकडे पोचून धडा संपवायची, ही अजून अलीकडेच. पुढे पुढे तिने पुस्तक उघडणंच सोडलं. शाळेत जायचं म्हटलं की पोटात दुखायचं, आणि रविवारी ते आपोआप बरं व्हायचं. जैनबने ते महिनाभर ओव्यावर काढलं.

शाळेने भाग्यश्री मॅडमकडे पाठवलं. अभ्यासात अडखळणाऱ्या मुलांना शिकवायचं शिक्षण त्यांनी घेतलं होतं, आणि शाळा सुटल्यावर त्या अशा मुलांना घेऊन बसायच्या. त्यांनी आलिमाला तपासलं आणि सांगितलं, डिसलेक्सिया आहे.

"म्हणजे डोळे?" अकबरभाईंनी विचारलं.

"डोळे चांगले आहेत."

"कान?"

"तेही. आणि बुद्धी तर तुमच्या-माझ्यापेक्षा बरी आहे."

"मग दुरुस्त काय करायचं?"

"दुरुस्ती नाही हो. अक्षर आणि आवाज यांची जोडी तिच्या डोक्यात सहज बसत नाही. ती एकेक करून, पुन्हापुन्हा बसवावी लागते."

"किती दिवसांत बसेल?"

"ते सांगता नाही यायचं. वेळ लागेल."

अकबरभाई पायऱ्या उतरता उतरता जैनबला म्हणाले, "बिघाड कुठे ते दाखवत नाही, वायदा देत नाही. मी असं बोललो तर गिऱ्हाईक काटा उचलून पुढच्या दुकानात जाईल."

"मग जाऊ या पुढच्या दुकानात," जैनब म्हणाली. ती टोमणा मारत होती, पण अकबरभाईंनी ते मनावर घेतलं. आलिमा मॅडमकडे जात राहिली, आणि बाप पुढची दुकानं बघत राहिला.

पहिलं औषध मार्केट यार्डातून आलं. तिथे लसणाचा व्यापार करणारा मच्छिंद्र हे अकबरभाईंचं जुनं गिऱ्हाईक. त्याने माशाच्या तेलाच्या गोळ्यांची बाटली हातात ठेवली. "भाच्याला दिल्या. आता पेपर वाचतो."

"भाच्याला तेव्हा आणखी काय चालू होतं?"

"काय चालू असणार? शिकवणी होती. घरी ताई बसायची त्याला घेऊन."

"मग गुण माशाचा की ताईचा?"

"अकबरभाई, पोरीला वाचायला शिकवायचंय की माशाची चौकशी लावायचीय?"

बाटली कपाटावर गेली. मग सासूबाईंचे भिजवलेले बदाम आले. त्यावर अकबरभाईंनी संशय घेतला नाही, कारण एकतर सासूबाई समोर बसल्या होत्या आणि दुसरं म्हणजे बदाम त्यांना स्वतःलाच आवडत होते. मग कुणीतरी खडकीला एका हॉलमध्ये नेलं. तिथे डोळ्यांवर पट्टी बांधलेला मुलगा हातातल्या कार्डांचे रंग सांगत होता, आणि एक गुरुजी सांगत होते की मेंदूचा मधला भाग जागा झाला की वाचनाचं काय, सगळंच सोपं होतं. पालक मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. अकबरभाई उठले. "कार्ड जरा कपाळासमोर धरता का? नाकाखालून नको."

गुरुजी हसले. "अहो, शंका घेतली की शक्ती काम करत नाही."

"माझ्याकडे येतात असे काटे," अकबरभाई म्हणाले. "मालकासमोर बरोबर चालतात, इन्स्पेक्टर आला की बंद."

त्या दिवशी खडकीहून परतताना ते इतके खुशीत होते की जैनबला शंका आली, या माणसाला पोरगी बरी व्हायला हवीय की लोक पकडायला हवेत. तिने तसं विचारलंही. अकबरभाई रिक्षाचं मीटर बघायला लागले. आलिमा रिक्षाच्या बाहेर बघत होती. दुकानांच्या पाट्या मागे जात होत्या आणि ती त्यातली एकही वाचायचा प्रयत्न करत नव्हती.

आणि मग इंद्रजीत सर भेटले.

टिळक रोडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचं छोटंसं केंद्र होतं. भिंतीवर मोठे दावे नव्हते. सरांनी आलिमासमोर एक परिच्छेद ठेवला. "वाच बेटा, घाई नाही." आलिमाने वाचला. म्हणजे लक्ष्मी रोड ओलांडला, तोही गणपतीतला. अकबरभाईंनी मान खाली घातली. मग सरांनी त्याच पानावर पिवळ्या प्लास्टिकचा पातळ कागद ठेवला. पारदर्शक, सोनपापडीच्या डब्यावर असतो तसा. "आता परत वाच."

आलिमाने वाचलं. अडखळली, पण थोडं. मधली दोन वाक्यं तर सलग आली आणि तिची तीच दचकून थांबली. मग बापाकडे बघून हसली. कित्येक महिन्यांत पुस्तक समोर असताना ती हसली नव्हती.

"पांढऱ्या पानाची चमक काहींना सोसत नाही," सर म्हणाले. "माझ्या मुलाला याचाच फायदा झाला, म्हणून मी हे सुरू केलं. आत्ता काही ठरवू नका. कागद घरी न्या, वापरा, मग सांगा. पटलं तर पुढे रंगीत चष्मा आणि रोजचे व्यायाम. फक्त ते शाळा सुटल्यावरच घेतो मी, त्यामुळे दुसरा कुठला क्लास असेल तर तो सोडावा लागेल."

माल घरी नेऊन बघा, असं म्हणणाऱ्यावर काय संशय घ्यायचा? अकबरभाईंनी कागद दोन्ही हातांनी घेतला. जिन्यातून उतरताना त्यांनी चष्मा पुसला आणि जैनबला सांगितलं की वर धूळ फार होती.

त्या दिवसापासून घरात एक नवीन रिवाज सुरू झाला. संध्याकाळची मगरिबची नमाज झाली की अकबरभाई आलिमाजवळ बसायचे. एक परिच्छेद आधी तसाच वाचायचा, सरांनी केलं तसं, आणि मग पिवळा कागद ठेवून. रोज पिवळा जिंकायचा. रोज अकबरभाई म्हणायचे, "बघितलंस?" आणि आलिमा म्हणायची, "बघितलं अब्बा." जे पुस्तक शाळेतून आल्यावर दप्तराबाहेर यायचं नाही, ते आता जेवणाआधी उघडं असायचं. जैनबच्या मनात एवढी एकच भीती बसली होती, की ते पुन्हा मिटलं तर यावेळी कायमचं मिटेल.

चष्म्याचं ठरलं. अकबरभाई भाग्यश्री मॅडमना सांगायला गेले की आलिमा आता येणार नाही.

मॅडम भांडल्या नाहीत. "वाचते ना ती? चांगलंय. पण या रंगाच्या कागदांवर बराच अभ्यास झालाय अकबरभाई, आणि त्याने वाचन सुधारतं असा भरवशाचा पुरावा नाही निघालेला. कागदाने बिघडणार काही नाही. माझी बैठक सोडाल त्याने बिघडेल."

"माझ्या डोळ्यांसमोर वाचते ती."

"मग माझ्यासमोर नव्या पानावर का अडते?"

गिऱ्हाईक सुटायला लागलं की दुकानदार दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवतोच, असं मनाशी म्हणत अकबरभाई बाहेर पडले. पण 'नव्या पानावर' हे दोन शब्द चपलेत शिरलेल्या खड्यासारखे दुकानापर्यंत सोबत आले.

आणि एकदा खडा लागला की अकबरभाईंचा हात आपोआप तपासायला जातो. रात्रीच्या जेवणाआधी आलिमाचं दप्तर कोपऱ्यात होतं. त्यांनी पिवळा कागद काढून दिव्यासमोर धरला. घरी ते स्वतः तो कडेने धरून ठेवायचे, पण शाळेत दिवसभर वापरायचा कागद, त्यावर बोटांचे ठसे हवेत, डब्यातल्या तेलाचा एखादा डाग हवा. कागद कोरा करकरीत होता.

"शाळेत वापरत नाहीस का गं?"

आलिमा वाटाणे सोलत होती. तिने शेंग खाली ठेवली नाही. "वापरायचे आधी."

"मग?"

"अब्बा, तुम्ही याची उलटापालट का नाही केली?"

अकबरभाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कळल्यावर ते खुर्चीत बसले. रोज आधी साधं पान आणि मग पिवळं. एकदाही आधी पिवळं आणि मग साधं नाही. मालाच्या जागी वजन एकदाही ठेवलं नव्हतं. रस्त्यावरच्या बोरंवाल्याचा तराजू ज्या माणसाने कधी सोडला नाही, त्याने हा सोडला होता.

"काही गरज नाही," ते म्हणाले. "आपल्याला दिसतंय ना."

"घाबरलात," जैनब आतून म्हणाली.

त्यावर मात्र ते उठले. घरी एक लहान तराजू होता, तो त्यांनी खिडकीच्या गजाला अडकवला. दुकानातून आणलेले छर्रे, म्हणजे पारडी जुळवायला वापरतात ते शिशाचे बारीक दाणे, डबीतून काढले. आलिमा जिथे अडेल तिथे एक छर्रा टाकायचा. पहिल्या वाचनाचे एका वाटीत, दुसऱ्याचे दुसऱ्या वाटीत. मग दोन्ही वाट्या दोन पारड्यांत ओतायच्या.

छर्रे हातात घेऊन ते तसेच उभे राहिले, आणि मग त्यांनी डबी जैनबपुढे धरली. "तू टाक. भिंतीकडे तोंड करून बस. कागद कधी आहे, कधी नाही, ते तुला दिसता कामा नये."

"आणि तुम्ही?"

"मला पिवळा जिंकायला हवाय," अकबरभाई म्हणाले. "माझा डोळा तिरका आहे."

जैनब पाटावर भिंतीकडे तोंड करून बसली, पुढ्यात दोन वाट्या. आलिमाने न वाचलेला धडा उघडला. आधी साधं पान. टक, टक, टक. मग पिवळा कागद ठेवून तेच. टक, बराच वेळ काही नाही, टक. पारड्यांत ओतलं. साध्या पानाचं पारडं खाली गेलं.

"बघितलंस?" अकबरभाई म्हणाले, पण सवयीने म्हणाले.

आलिमाने पान उलटलं. आता आधी पिवळा. वाटीत छर्रे पडायला लागले आणि अकबरभाईंना वाटलं, जैनब आज जास्तच कान देऊन ऐकतेय. मग कागद काढून तेच पान. टक. बराच वेळ काही नाही. टक. ओतलं. यावेळी पिवळ्याचं पारडं खाली गेलं.

"परत," अकबरभाई म्हणाले.

परत केलं. आणखी एका पानावर केलं. पहिलं वाचन जड, दुसरं हलकं. कागद कधी ठेवला, कधी काढला, त्याचं पारड्याला काही देणंघेणं नव्हतं. गुण इतके दिवस दुसऱ्या फेरीचा होता. तो पिवळ्या रंगाच्या नावावर जमा होत होता.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"शाळेत नवीन पान येतं ना. तिथे दुसऱ्यांदा वाचायला मिळत नाही. कागद ठेवला तरी अडतंच." आलिमा छर्रे डबीत भरत होती. "एकदा मी इथेच आधी पिवळा ठेवून, मनातल्या मनात वाचून बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

तिने डबीचं झाकण लावलं. "तुम्ही रोज बसत होता ना."

जैनब गॅस बघायला म्हणून उठून आत गेली. गॅसवर काही नव्हतं.

अकबरभाईंनी तराजू गजावरून काढला, परत अडकवला. पोरगी आता पुस्तक मिटेल, या विचाराने त्यांना तिच्याकडे बघवेना. कागद खोटा निघाला, म्हणजे त्याच्याखाली बसून तिला जे काही यायला लागलं होतं तेही खोटं, असं तिला वाटलं तर? पुस्तक मांडीवर उघडंच होतं. तिने ते मिटलं नव्हतं, पण पुढेही वाचत नव्हती. बापाच्या तोंडाकडे बघत होती. काट्याचा निकाल सांगायच्या आधी गिऱ्हाईकं बघतात, तशी.

"दांडी वाकडी निघाली," अकबरभाई म्हणाले. "पण माल तर आपण तोललाच ना रोज? दुसऱ्या फेरीत तू वाचत होतीस. ते कागदाने नाही वाचलं."

"मग उद्या बसणार?"

"बसणार नाही तर काय. पण एक सांग, पहिली फेरी हलकी कशी करायची?"

"ते मॅडमना माहितीये," आलिमा म्हणाली. "त्या तेच तर करतात. तुम्हीच म्हणालात, वायदा देत नाहीत."

दुसऱ्या दिवशी अकबरभाई टिळक रोडला गेले आणि कागद परत केला. छर्ऱ्यांची हकिकत सांगितली. एखादा लबाड असता तर अकबरभाईंना सोपं गेलं असतं. इंद्रजीत सर लबाड नव्हते. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पण माझा मुलगा खरंच वाचायला लागला हो."

"त्याच्याजवळ कोण बसायचं?"

 सर हळूच म्हणाले, "मीच." अकबरभाईंनी मान हलवली आणि जिना उतरले. आज त्यांना कुणाला पकडल्याचा आनंद झाला नाही.

तिथून ते शाळेत गेले. भाग्यश्री मॅडम वर्गाबाहेरचा व्हरांडा झाडून घेत होत्या.

"आलिमा येणार उद्यापासून," ते म्हणाले.

"ती आजच आलीये. आत बसलीये."

अकबरभाईंनी डोकावून बघितलं. आलिमा वाळूच्या ताटात बोटाने अक्षर काढत होती आणि काढता काढता त्याचा आवाज तोंडाने करत होती. फोडून, सावकाश, एकेक. बघणाऱ्याला झोप यावी इतकं सावकाश.

"घरी दोनदा वाचून घेतो मी," ते म्हणाले. "ते चालेल का?"

"चालेल. त्याने ते पान सुधारतं, आणि तिची भीती जाते. नव्या पानासाठी मात्र हे लागतं." मॅडमनी ताटाकडे बोट दाखवलं.

"एक सांगू का मॅडम? तुमचीही उलटापालट करून बघणार आहे मी. सहामाहीनंतर. न वाचलेली पानं घेऊन, बायकोला भिंतीकडे बसवून."

"बघाच," मॅडम म्हणाल्या. "आणि काय निघालं ते मला सांगा. मीही बघते, पण माझा डोळा तिरका असेल."

अकबरभाईंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. हे वाक्य यांना कुणी सांगितलं, हा संशय त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. आतून आलिमाने मान वर केली नाही, पण तिचं ताटातलं बोट थांबलं होतं.

संध्याकाळी नमाजहून ते परतले तर खिडकीच्या गजाला तराजू आधीच टांगलेला होता. जैनब भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि पुढ्यातल्या दोन वाट्यांपैकी एकीत लसूण सोलून टाकत होती.

"आज नवीन धडा आहे," आलिमा म्हणाली. "पहिली फेरी जड जाणार. आधीच सांगते."

"आधी सांगितलेलं वजन मी मानत नाही," अकबरभाई म्हणाले आणि तिच्याजवळ बसले. "वाच."